पैकीच्या पैकी गुणांची अडचण

(दुखणं आणि हालचाल : लेखांक ६)

मागच्या लेखांकात आयएफटीबद्दल वाचलंत. तेच ते, कंबरेला पॅड लावून सौम्य विद्युतप्रवाह सोडणारं मशीन. त्यावर कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात झालेला एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुनाट कंबरदुखीच्या ११७ रुग्णांचे चार गट केले होते. दोन गटांना खरा प्रवाह दिला. उरलेल्या दोन गटांना मशीन फक्त लावलं, प्रवाह सोडलाच नाही. दोन्हीकडे एका गटाशी थेरपिस्ट जेमतेम पाच मिनिटं कामापुरतं बोलून खोलीबाहेर गेले. दुसऱ्या गटाची मात्र नीट विचारपूस केली, म्हणणं ऐकून घेतलं आणि बैठक संपेपर्यंत ते तिथेच थांबले.

वेदना दहाच्या मापावर मोजली. खरा प्रवाह आणि जिव्हाळा दोन्ही मिळालेल्यांची ३.१३ने उतरली. तुटक वागणूक आणि बंद मशीन वाट्याला आलेल्यांची १.०३ने. खरी गंमत मधल्या दोन आकड्यांत आहे : खरा प्रवाह पण तुटक वागणूक, १.८३, बंद मशीन पण जिव्हाळा, २.२२. मशीन कुचकामी आहे असा याचा अर्थ नाही, वागणूक सारखी असताना खरा प्रवाह वरचढच ठरला. शिवाय हा सगळा एका बैठकीतला परिणाम. तरीही शेजारी बसून ऐकणारा माणूस हाही उपचाराचाच भाग आहे, हे मान्य करावंच लागतं.

उपचाराचा भाग म्हटला की तो मोजता यायला हवा. त्यासाठी फिजिओथेरपीने मोजपट्टी उसनी आणली ती मानसोपचाराकडून. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ मध्ये उपचार करणारा आणि रुग्ण यांच्यातल्या नात्याचे तीन धागे सांगितले : ध्येयावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत आणि परस्परांतला विश्वास. त्यावरून हॉर्वाथ आणि ग्रीनबर्ग यांनी १९८९ मध्ये ३६ विधानांची प्रश्नावली बेतली. पुढे तिच्या १२ विधानांच्या छोट्या आवृत्त्याही आल्या.

फिजिओथेरपीत मात्र ही पट्टी वरच्या टोकाला अडकते. बहुतेक रुग्ण जवळजवळ पैकीच्या पैकी गुण देतात. मग चांगलं नातं आणि उत्तम नातं यांत फरक करायचा कसा? माझ्या मते यामागे भिडस्तपणा आहे. ज्यांच्या हाती उद्या आपला खांदा द्यायचाय, त्यांना कमी गुण कोण देणार? आणि ज्यांचं पटलं नाही, ते तिसऱ्या बैठकीनंतर फिरकतच नाहीत. त्यांचा फॉर्म कोराच राहतो. दुसरी उणीव शरीराची. समुपदेशक अंगाला हात लावत नाही. इथे आखडलेला गुडघा वाकवताना रुग्ण कळवळतो, त्या हातावरचा विश्वास बोलण्यासाठी केलेल्या प्रश्नावलीत पुरता उतरत नाही. म्हणूनच स्पेनमध्ये २०२० साली खास फिजिओथेरपीसाठी १५ विधानांची वेगळी प्रश्नावली तयार झाली.

मोजायचं कधी, हेही महत्त्वाचं. कंबरदुखीच्या १८२ रुग्णांवरच्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नात्याची नोंद उपचारांच्या सुरुवातीलाच घेतली होती, आणि त्या गुणांवरून पुढच्या सुधारणेचा अंदाज बांधता आला. शेवटच्या दिवशी, बरं वाटत असताना भरून घेतलेला फॉर्म बहुधा आभारपत्रच ठरतो.

तेव्हा तुमचे उपचार चालू असतील, तर फॉर्मची वाट पाहू नका. जिना चढायचाय की मांडी घालून जेवायला बसायचंय, ते दुसऱ्याच बैठकीत सांगा, आणि आजचा व्यायाम त्यासाठी कसा उपयोगी पडेल तेही विचारा.