पेढीची पत आणि मुलांच्या हातातील मोबाइल

पूर्वी व्यापारी घरातील मुलगा शाळा सुटली की पेढीवर येऊन बसे. गल्ल्याला हात लावण्यापूर्वी विचारावे, आलेली रक्कम त्याच दिवशी कीर्दीत लिहावी, न वाचता कोणत्याही कागदावर सही करू नये, एकाच्या उधारीची गोष्ट दुसऱ्यापाशी काढू नये, हे सारे तो मोठ्यांकडे पाहत शिके. ‘पत’ या शब्दाचा अर्थ त्याला असा हळूहळू कळत जाई. आज घरातील मुलगे आणि मुली दुकानाचा क्यूआर कोड सांभाळतात, मालाची छायाचित्रे ग्राहकांना पाठवतात, आजोबांना मोबाइलवरून वीजबिल भरून देतात. परंतु पडद्यावरील या व्यवहारात त्यांच्या शेजारी वडीलधारे कोणी बसलेले नसते. जुनी शिस्त या नव्या जागी नेणे हे आता पालकांचे काम आहे.

पहिला धडा पैशांचा. २०१६ साली युपीआय सुरू झाले आणि गल्ला मोबाइलमध्ये आला. मुलांना एक नियम पक्का समजावा: पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, पैसे मिळण्यासाठी पिन कधीच द्यावा लागत नाही. ‘पैसे पाठवतो, तेवढा पिन टाका’ असे कोणी म्हणाले, की तिथेच थांबावे. ग्राहकाने पैसे भरल्याचे चित्र मोबाइलवर दाखवले, तरी रक्कम आपल्या खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच माल द्यावा. नाणे वाजवून घेण्याचीच ही आजची रीत आहे.

दुसरा धडा खात्याचा, आणि तो महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांसाठी फार महत्त्वाचा आहे. ‘तुझे बँक खाते काही दिवस वापरू दे, येणाऱ्या रकमेवर कमिशन देतो,’ असे आमिष मुलांना दाखवले जाते. फसवणुकीचा पैसा अशाच उसन्या खात्यांतून फिरवला जातो. तपास सुरू झाला की पोलीस प्रथम पोहोचतात ते खातेदारापर्यंत. आमिष दाखवणारा तोवर दिसेनासा झालेला असतो. आपल्या नावाची कोरी हुंडी आपण कोणाच्या हाती दिली असती का? मग खाते, एटीएम कार्ड किंवा सिमकार्ड तरी कसे द्यावे? दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हाही गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मित्राची ‘गंमत’ करण्यापूर्वी मुलांना हे ठाऊक असावे.

तिसरा धडा शब्दाचा. व्यापारात शब्दाला किंमत असते. मोबाइलवर मात्र आलेला मजकूर न वाचताच पुढे ढकलला जातो. त्याची किंमत किती भयंकर असू शकते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवा त्यापूर्वी मोबाइलवरून सर्वत्र पसरल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. यंत्राने घातलेली मर्यादा पाचाची आहे. विवेकाची मर्यादा अनेकदा शून्याची असावी लागते. हा मजकूर कोणी लिहिला, केव्हाचा आहे, खोटा निघाल्यास कोणाचे नुकसान होईल, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागावी. वर्गातील एखाद्या मुलीचे छायाचित्र तिला न विचारता पसरवणे किंवा एखाद्याच्या चेहऱ्यावरून गटात थट्टा करणे, यानेही कोवळी मने कायमची दुखावतात.

इतके शिकवूनही चूक होऊ शकते. अशा वेळी घरातील वातावरणाचीच परीक्षा असते. पैसे गेले, किंवा एखादा अनोळखी माणूस छायाचित्राच्या आधारे धमकावू लागला, तर पुष्कळ मुले गप्प राहतात. त्यांना त्या अनोळखी माणसापेक्षा वडिलांच्या रागाची भीती अधिक वाटते, आणि धमकावणारा नेमका या मौनावरच जगतो. अशा प्रसंगी वेळ मोलाची असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, अनधिकृत व्यवहार ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे झाला असला, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारे नुकसान बँकेने सोसायचे आहे. म्हणून तत्काळ बँकेला कळवावे आणि आर्थिक फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. संकटातील मुलांसाठी १०९८ ही चाइल्डलाइन आहे. धमकीचे संदेश पुसू नयेत. तेच पुरावे असतात. हे दोन्ही क्रमांक गल्ल्याजवळ लिहून ठेवावेत. त्याहूनही आवश्यक आहे ते मुलाला आधीच दिलेले वचन: ‘काहीही झाले तरी प्रथम मला सांग, आधी मार्ग काढू, मग बोलू.’

शेवटी प्रश्न आपल्याच आचरणाचा उरतो. खातरजमा न करता आलेला संदेश समाजाच्या गटात आपणच टाकत असू, दुकानाचा पिन नोकराच्या देखत मोठ्याने सांगत असू, मुलांची छायाचित्रे त्यांना न विचारता सर्वांना पाठवत असू, तर उपदेशाला अर्थ राहत नाही. आठवड्यातून एकदा, दुकानाचा हिशोब मिटवल्यावर, मुलांना जवळ बसवावे. या आठवड्यात कोणते संशयास्पद संदेश आले, ते कसे ओळखले, कुठे चुकलो, हे आधी आपण सांगावे आणि मग त्यांना विचारावे. पेढीवरची मुले अशीच, पाहत पाहत, शिकत आली आहेत. अनेक पिढ्यांनी जपलेली पत आता त्यांच्या बोटांवर आहे. ती सांभाळण्याचे बळ त्यांना घरातूनच मिळायला हवे.