पत्र्याखालचा उन्हाळा

मांजरीच्या वस्तीत एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना फार त्रास होतो. आम्ही म्हणतो, आधी पत्र्याला वरून चुना मारा. पांढरा रंग ऊन परतवतो. खोलीमागे काही शे रुपयांत काम होतं, पण पावसात चुना धुपतो. फेव्हिकॉल मिसळला तर जरा टिकतो. डोळे मात्र सांभाळा.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका, तो फुटतो. जुन्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं. घासला-कापला तर धूळ फुप्फुसात जाते. आतून थर्मोकोल लावणं आम्हाला पटत नाही. वायरची ठिणगी पडली की पेटतं.

पक्कं घर बांधायचं तर रमाई आवास योजनेत महापालिका हद्दीतल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांना २.५० लाखांचं अनुदान आहे. मांजरी बुद्रुक २०२१ पासून पुणे महापालिकेत आहे. जागेचा कागद लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.