नेवाशाची एक दिवसाची सहल

अहिल्यानगराहून, म्हणजे आमच्या पिढीच्या जिभेवरील नगराहून, नेवासें सुमारें ६० किलोमीटर. सकाळच्या मोटारीनें निघून दिवेलागणीस घरीं परतावें, एवढीच ही सहल. गेल्या माघांत आम्ही उभयतां, सूनबाई व पंधरा वर्षांचा नातू अशीं तेथें जाऊन आलों.

गांव प्रवरेच्या कांठीं वसलें आहे. प्रथम मोहिनीराजाचें दर्शन घेतलें. विष्णूनें मोहिनीरूपानें येथेंच अमृत वाटलें, अशी स्थलकथा आहे. मंदिराचें दगडी कोरीव काम पाहतांना नातवाची मान खालीं येईना. नदीकांठीं त्यास सांगितलें कीं, इ. स. १९५४ ते १९५६ या काळांत डॉ. सांकळिया व त्यांचे सहकारी यांनीं येथें उत्खनन केलें, तेव्हां तांबड्या मडक्यांवर काळ्या रंगाची नक्षी सांपडली. ती तीन हजार वर्षांहून जुनी.

मग पैस खांबापाशीं गेलों. यास टेकून ज्ञानेश्वरांनीं शके १२१२ मध्यें ज्ञानेश्वरी सांगितली व सच्चिदानंदबाबांनीं लिहून घेतली, अशी परंपरा आहे. खांबावर शिलालेख आहे, वेलबुट्टी नाहीं. नातू हिरमुसून म्हणाला, "आजोबा, यांत पाहण्यासारखें काय?"

आम्ही म्हणालों, "येथील कोरीव काम शब्दांचें. गीतेचे श्लोक ७००. त्यांवर सुमारें ९,००० ओव्या झाल्या. आणि सांगणारा, परंपरेप्रमाणें, तुझ्याच वयाचा."

"मग आपल्या घरीं ती कोणी वाचीत कां नाहीं?"

वाचकहो, आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. जन्मभर मुलांकडून गीता पाठ करून घेतली, संस्कृताचा अभिमान वाहिला. मायबोलींतील हा ग्रंथ मात्र सोवळ्यांत गुंडाळून देव्हाऱ्यांत ठेवला. शास्त्र ज्यांच्या कानीं पडत नव्हतें त्यांच्यासाठीं जो सांगितला गेला, तो आमच्याच घरांतील बायकामुलांच्या कानीं पडला नव्हता.

परततांना सूनबाईंनींच तोड काढली. रोज दिवेलागणीनंतर पंचवीस ओव्या. वाचन नातवानें करावें, अर्थ आम्ही सांगावा. "आणि अर्थ अडेल तेथें, मामंजी, तसें मोकळेपणानें म्हणावें," असेंही त्यांनीं सुचविलें. अर्थ अडतो, हें येथें कबूल करतों. या हिशेबानें ग्रंथास सुमारें वर्ष लागेल.

नेवाशास जाणारांनीं पैस खांबापाशीं घटकाभर बसावें, आणि निघण्यापूर्वीं देव्हाऱ्यांतील पोथी सोडून सोबत न्यावी. आम्ही नेली नव्हती.