पहिला अपराध आणि पुडीचें वजन

एखाद्या तरुणाच्या खिशांत गांजाची पुडी सांपडली, तर कायदा त्यास काय शिक्षा देतो, हें जाणून घेण्याची इच्छा पुष्कळ पालकांस असते. विचारण्यास मात्र संकोच वाटतो. म्हणून आम्हींच तो विषय येथें घेतला आहे.

आपल्या देशांत ह्या बाबतींत १९८५ चा अंमली पदार्थांचा कायदा लागू आहे. लोक त्यास 'एनडीपीएस' म्हणतात. मूळ कायदा फार कठोर होता. हेरॉइन वा चरस थोडाच असला, तरी तो केवळ स्वतःच्या सेवनासाठीं होता हें आरोपीसच सिद्ध करावें लागे. न साधल्यास निदान १० वर्षें सक्तमजुरी. २००१ सालीं ही रीति बदलून वजनास महत्त्व आलें. गांजा १ किलो, चरस १०० ग्रॅम, हेरॉइन ५ ग्रॅम ह्यांहून कमी साठा तो 'अल्प प्रमाण'. त्यास हल्लीं १ वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा १० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. (भांगेचीं नुसतीं पानें गांजाच्या व्याख्येंत येत नाहींत.)

परंतु वजन कशाचें? शुद्ध द्रव्याचेंच धरावें, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं म्हटलें. सरकारनें २००९ सालीं सर्व मिश्रण धरण्याचें ठरविलें, व २०२० सालीं न्यायालयानें तेंच मान्य केलें. म्हणजे भेसळ विक्रेत्यानें करावी आणि तिचें वजन घेणाराच्या माथीं यावें!

चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर अपराध्यास सोडण्याची सोय १९५८ च्या परिवीक्षा कायद्यांत आहे. पहिल्याच चुकीस ती फार उपयोगी. पण एनडीपीएसच्या ३३ व्या कलमानें ती मुख्यतः अठरा वर्षांखालील अपराधी आणि सेवनाचा अपराध ह्यांपुरतीच ठेविली आहे. ज्यानें गांजा ओढला त्यास ती मिळूं शकते. ज्याच्या खिशांत पुडी तशीच राहिली, त्या एकोणीस वर्षांच्या मुलास नाहीं. हें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

व्यसनाधीन मनुष्यास आणखी दोन वाटा आहेत. कलम ३९ अन्वयें न्यायालय त्यास शिक्षेऐवजीं उपचारासाठीं पाठवूं शकतें. आणि कलम ६४-अ अन्वयें त्यानें स्वतः होऊन उपचार घेतल्यास खटलाच चालत नाहीं, मात्र उपचार अर्धवट सोडतां कामा नये. जो व्यसनी नाहीं, केवळ कुतूहलानें पुडी घेऊन बसला, त्यास ह्या वाटाही नाहींत. त्याच्यापुढें उरतें तें न्यायाधीशाचें तारतम्य: दंडावर सोडावें कीं तुरुंगांत धाडावें. दंडावर सुटला, तरी दोषी ठरल्याची गोष्ट त्यास सरकारी नोकरीच्या वेळीं लिहून द्यावी लागते.