तीन इंचांचा वाद

पुढच्या डाव्या पाट्याचा यू-बोल्ट काही केल्या सुटत नाही. पान्याच्या दांड्यावर दोन फुटी पाइप चढवलाय, पुतण्या त्यावर अंगाचा सगळा भार टाकतोय आणि नट आहे तिथेच आहे. "थांब, आटे घालवशील," म्हणत मेस्त्री त्याला बाजूला सारतात, गॅसची नळी ओढून घेतात आणि ज्योत बारीक करून नटावर धरतात. नट लालबुंद होतो. लाली उतरू देऊन ते पुन्हा पाना लावतात. किरर्र करत नट पाव आटा फिरतो आणि गंजाचे पापुद्रे खाली सांडतात. एका पाट्याला असे चार नट, म्हणजे चार पाट्यांचे सोळा. पहिल्याच नटाने चहा थंड केलाय.

रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या वाटेला लागलं की सड्याच्या पोटाशी अण्णांचं घर आहे. दिवाळी नुकतीच सरली आहे. मांगरापुढच्या अंगणात जीप चार घोड्यांवर उभी आहे आणि चाकं काढून आंब्याच्या बुंध्याला टेकवलेली आहेत. गाडी महिंद्राची, एमएम 540. ऐंशीच्या दशकात बाजारात आलेलं हे मॉडेल. ही गाडी त्यानंतरची, अण्णांनी सेकंडहँड घेतलेली. मूळ रंग कोणता होता यावर घरात एकमत नाही. बोनेटखाली प्यूजोच्या परवान्यावर बनवलेलं 2112 सीसीचं डिझेल इंजिन आहे. चार सिलिंडर आणि 90 मिलिमीटरचा बोअर, म्हणून त्याचं नावच एक्सडीपी 4.90.

गाडी हौसेची नाही. येत्या काही आठवड्यांत मोहोर फुटेल आणि फवारण्या सुरू होतील. अण्णांची बाग वर कातळावर आहे. जांभ्यात सुरुंग लावून खड्डे काढायचे, खालून माती नेऊन भरायची आणि त्यात कलमं लावायची, अशी वसवलेली. वर पाणी नाही. दोनशे लिटरचं पिंप, फवारणीचा पंप आणि पाइपाचं भेंडोळं जीपच चढवते. मार्चपासून मेअखेर तीच वाट उलटी, भरलेले क्रेट घेऊन. त्या वाटेला ट्रॅक्टर आला तर अडकतो आणि पिकअप मागच्या मागे घसरते.

अंगणात पाट्यांचे दोन नवे सेट शेजारी शेजारी पडले आहेत. एक कोल्हापूरच्या उद्यमनगरातून मागवलेला, कंपनीच्या मापाचा, एसटीच्या पार्सलने आलेला. दुसरा अण्णांच्या पुतण्याने पुण्याहून येताना आणलाय. त्याची कमान जास्त आहे, सोबत लांब शॉकअॅब्झॉर्बर आहेत आणि तो बसवला की गाडी तीन इंच उंच होते. कोणता चढवायचा, हे ठरलेलं नाही. सकाळपासून त्यावर कुणी बोलतही नाही. नट मात्र दोन्हींसाठी काढायचेच आहेत.

मी बॅटरी धरून खाली पडलोय, ताडपत्रीवर, पाठीला चिरे टोचताहेत. खालून गाडी वेगळीच दिसते. बाहेरून नजरेत भरणारा पत्रा, दारं, बोनेट बऱ्यापैकी शाबूत आहेत. सडलाय तो आतला भाग: चाकांवरच्या पत्र्याची आतली बाजू, बॅटरीखालचा ट्रे, चासीच्या पोकळीतला तळ. "पावसात भिजते ती बाजू टिकते," मेस्त्री बोटाने दाखवतात. "आडोशाला आहे तीच खाल्ली जाते." ऐकायला उलटं वाटतं, पण कारण साधं आहे. वाऱ्याबरोबर येणारं मीठ उघड्या पत्र्यावर बसतं आणि पाऊस ते धुऊन नेतो. आडोशातलं मीठ कुणी धूत नाही. ते हवेतली ओल ओढून घेतं आणि पत्रा बाराही महिने ओलाच राहतो. अण्णांनी तर जूनमध्ये गाडीवर चारी बाजूंनी ताडपत्री बांधली होती, मायेने. त्या मायेखाली ड्रायव्हरच्या पायाजवळ तळहाताएवढं भोक पडलंय. ते भोक काल कापून, नवा पत्रा वेल्ड करून, वर रेड ऑक्साइड मारून झालंय.

चासीला तळाशी पाणी जायला भोकं असतात. मेस्त्री तारेचा तुकडा खुपसतात तेव्हा आतून लाल माती भुरभुरते; एका भोकातून तर चक्क मुंग्यांचं वारूळ बाहेर येतं. "आता ह्याच्यात काय मारायचं?" ते विचारतात. पुतण्याकडे रबरी कोटिंगचा डबा आहे, महागाचा. मेस्त्री डबा हातात घेऊन वाचतात, खाली ठेवतात. रबराचा थर जाड असतो, दगड लागून त्याला चीर पडली की खारं पाणी आत शिरतं आणि वरून काही कळत नाही. कळतं तेव्हा पत्रा गेलेला असतो. त्यांचा उपाय दुसरा आहे. एका बाटलीत काजूच्या टरफलाचं तेल आहे, होड्यांच्या लाकडाला लावतात ते. काळं, चिकट, कातडीवर पडलं तर भाजून काढणारं. हातमोजे घालून ते गंजावर ब्रशने लावतात, आणि पोकळीत जुनं इंजिन ऑइल पिचकारीने मारतात. हे दरवर्षी करावं लागतं, असंही सांगतात. रबरी कोटिंग एकदा मारून विसरायची सोय आहे. मला विचाराल तर ह्या किनाऱ्यावर विसरता येईल अशी कोणतीही गोष्ट गाडीला लावू नये.

दुपारपर्यंत सोळाच्या सोळा नट निघतात. त्यातले पाच ग्राइंडरने कापावे लागतात. जुना पाटा खाली येतो तेव्हा मेन पाट्याला डोळ्याजवळ चीर दिसते, केसाएवढी. अण्णा ती नखाने चाचपून बघतात. गेल्या मेमध्ये ह्याच पाट्यावर गाडी उतारावर भरून यायची.

जेवण झाल्यावर विषय निघतोच.

पुतण्याचा मुद्दा चुकीचा नाही. सड्याच्या चढावर एक जागा आहे, जिथे कातळाची पायरी आहे आणि गाडी पोटाला घासते. तीन इंच उचलली की घासणार नाही. शिवाय टायर मोठे घालता येतील, आत्ताच्या 6.00-16 च्या जागी 31 इंची. फोनवर तो डबवालीच्या जीपचे फोटो दाखवतो. पंजाब-हरियाणाच्या सीमेवरचं ते गाव उघड्या जीप बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे: रुंद टायर, उंच बांधा, चकचकीत रिम. गाड्या देखण्या आहेत. अण्णाही दोन फोटो मोठे करून बघतात.

मेस्त्री काही नाकारत नाहीत. नव्या पाट्याच्या टोकाने मातीत रेघा काढतात. गाडी वर गेली की प्रोपेलर शाफ्ट तिरका होतो आणि त्याच्या टोकाचे क्रॉस लवकर खुळखुळायला लागतात. स्टेअरिंगचा रॉड कलतो, मग खड्ड्यात चाक वरखाली झालं की स्टेअरिंग हातात आपोआप ओढ घेतं. टायर मोठे म्हणजे इंजिनाला प्रत्येक गिअर उंच झाल्यासारखा, चढाला दम कमी. ब्रेकचे ड्रम तेच, पण थांबवायचं चाक मोठं. "सगळं करता येतं," ते म्हणतात. "पण एक केलं की मागनं चार करावी लागतात."

अण्णांची अडचण वेगळीच आहे. ती प्लास्टिकच्या फायलीत आहे. गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि एप्रिल 2022 मध्ये त्या नूतनीकरणाची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. तपासणीच्या दिवशी गाडी बुकातल्याप्रमाणे दिसली पाहिजे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत परस्पर बदल करू देत नाही आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. पुढचा लोखंडी गार्ड अण्णांनी 2017 सालीच उतरवला, केंद्राने गार्डवर बंदी आणली तेव्हा. तो आता वहिनींच्या कारल्याच्या वेलाला मांडव म्हणून उभा आहे. कारली भरपूर लागतात.

"कोण बघतंय सड्यावर?" पुतण्या म्हणतो.

"सड्यावर कोणी नाही. पण डिझेल भरायला खाली उतरावं लागतं ना?"

वाद इथेच फिरत राहिला असता. पण बागेवरचा नेपाळी गडी इतका वेळ पडवीच्या पायरीवर बसून ऐकत असतो. तो उठतो, मांगरातून एक रिकामा क्रेट आणतो आणि त्यात चिरे भरतो, आंब्याच्या वजनाचे, वीसेक किलोचे. मग दाराच्या चौकटीचा उरलेला तीन इंची लाकडी तुकडा जीपच्या फाळक्यावर ठेवतो. गाडी आधीच घोड्यांवर असल्याने तो स्वतः पायाखाली चिरे रचून उभा राहतो, रोजची उंची जुळेपर्यंत. आधी तुकड्याशिवाय क्रेट चढवतो. कोपर कमरेपाशी राहतं, गुडघ्याने ढकललं की क्रेट आत. मग तुकड्यावरून चढवतो. ह्या वेळी कोपर वर जातं, क्रेट छातीला लागतो आणि शेवटचा रेटा खांद्यातून द्यावा लागतो.

"एक-दोनला काय नाय," तो म्हणतो. "एप्रिलमदी दिवसाला शंभर."

पुतण्या स्वतः करून बघतो. दोनदा करतो. मग काही न बोलता टेप घेऊन फाळक्याची उंची मोजतो, कशासाठी ते त्यालाही ठाऊक नसावं. गाड्यांच्या गप्पांत उंचीचा हिशोब नेहमी जमिनीपासून पोटापर्यंत होतो. फाळक्यापर्यंतची उंची कुणी विचारत नाही, कारण गप्पा मारणारे सहसा काही चढवत नाहीत.

"आधी जुन्या मापाचे घाला," तो मेस्त्रींना म्हणतो. "उद्या वर जाऊन बघू. घासली तर बदलू."

संध्याकाळपर्यंत कोल्हापूरचे पाटे बसतात, नव्या बुशांसकट. शॅकलच्या निपलांत ग्रीस गन लावून मेस्त्री जुनं काळं ग्रीस बाहेर पडेपर्यंत दाबतात. पुढच्या हौसिंगच्या टोकाला, चाक वळतं तिथे, लोखंडी गोळ्यावर गंजाचे खड्डे आहेत. त्यावरून फिरून फिरून सील फाटलंय आणि आतलं ऑइल टायरवर उतरलंय. गोळा पॉलिश पेपरने घासून नवं सील बसतं. खड्डे राहतातच, त्यामुळे हे सीलही फार दिवस टिकणार नाही, हे मेस्त्री आधीच सांगून टाकतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन चालू करायचं. चार महिने उभं असल्याने डिझेलच्या लाइनीत हवा शिरली आहे. फिल्टरवरचा स्क्रू ढिला करून मेस्त्री हातपंप मारत राहतात. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड धार. स्क्रू आवळतात. ह्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरमध्ये न जाता आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं, म्हणून कोकणच्या उकाड्यातही हीटर दिल्याशिवाय ते उठत नाही. अण्णा हीटरचं बटण दाबून मनात आकडे मोजतात. किल्ली फिरवतात. इंजिन खोकतं, पांढरा धूर सोडतं, बंद पडतं. दुसऱ्यांदा धरतं. अंगण हादरायला लागतं आणि वहिनी पडवीतून ओरडतात की वाळत घातलेले कपडे आधी काढा.

पिंप भरून मागे बांधलंय. अण्णा चालवताहेत, शेजारी मेस्त्री, मागे पिंपाला धरून पुतण्या आणि मी. वाट आधी लाल मातीची, मग माती संपून उघडा कातळ लागतो, वर सुटी खडी. अण्णा थांबतात, छोट्या दांड्यांपैकी एक ओढून पुढची चाकं जोडतात आणि दुसरीने लो गिअर टाकतात. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत आता जवळपास अडीच पट होऊन पोचते, वेग तेवढाच कमी. मागे चालत येणारा गडी आम्हाला गाठतो आणि पुढे निघून जातो.

ती पायरी येते. पुढची चाकं चढतात, पोट सुखरूप जातं, मागची चाकं चढायला लागतात, आणि ठण्ण असा आवाज होऊन दगडावर लोखंड खरवडतं.

"बघा!" पुतण्या.

अण्णा हँडब्रेक ओढतात, मेस्त्री चाकामागे दगड लावतात. तिघेही पोटावर झोपून खाली बघतात. डिफरन्शियल सुटलंय वरच्या वर, सायलेन्सरही. घासलाय तो चासीच्या मागच्या टोकाखाली वेल्ड केलेला जाड लोखंडी कान, ट्रॉली ओढायच्या हुकाचा. अण्णांच्या आधीच्या कुणा मालकाने कधीतरी लावून घेतलेला. हुक केव्हाच गेलाय, कान राहिलाय. त्याची खालची कड घासून घासून चांदीसारखी चकाकते आहे.

पुतण्या बोटं लावून माप घेतो. चासीपासून खाली चार बोटं, म्हणजे तीन इंचांना थोडं कमी.

"हे काढलं तर?"

"वेल्ड आपला नाय, चासी कापली जाता नये," मेस्त्री म्हणतात. "दोन सूत ठेवून काप. बाकीचं ग्राइंडरनं."

पुतण्या खिशात खडू शोधतो. तो मिळत नाही, तेव्हा कातळावरचा जांभ्याचा एक तुकडा उचलतो आणि कानावर लाल रेघ ओढतो. मेस्त्री मान वाकडी करून बघतात, तुकडा त्याच्या हातातून घेतात आणि रेघ अर्धा इंच खाली सरकवतात.