उपचारात पाय गेला, माजी सैनिकाने भरपाई कुठे मागायची?

गावोगावी फौजी आहेत. कुणी पंधरा, कुणी वीस वर्षे सीमेवर काढून शेतीवर परत आलेला. समजा अशाच एका फौजीला साखरेचा त्रास आहे. पायाच्या अंगठ्याला जखम झाली. ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून रेफरल घेऊन तो शहरातल्या रुग्णालयात दाखल झाला. आठ दिवस ड्रेसिंग चालले, नवव्या दिवशी पाय काळा पडला आणि गुडघ्याखालून काढावा लागला.

घरचे म्हणतात, वेळीच तपासणी केली असती तर पाय वाचला असता. रुग्णालय म्हणते, पेशंटच उशिरा आला, साखर वाढलेली होती. खरे कोण? पारावर चार जण चार सल्ले देतात. एक म्हणतो पोलिसात जा, दुसरा म्हणतो सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दे, तिसरा म्हणतो सरकारशी कोण भांडणार. या गोंधळात महिने जातात आणि मुदत संपते.

पेन्शन वेगळी, भरपाई वेगळी

पहिली गल्लत इथेच होते. डिसॅबिलिटी पेन्शन ही कुणाच्या चुकीची भरपाई नसते. नोकरीमुळे अपंगत्व आले किंवा नोकरीमुळे आधीचा आजार वाढला, म्हणून ती मिळते. त्यात डॉक्टर चुकला का, हा प्रश्नच येत नाही. मेडिकल बोर्ड टक्केवारी ठरवते. भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल, तर जवान तेव्हा धडधाकट होता असे धरायचे आणि शंकेचा फायदा त्याला द्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितले आहे. पेन्शन नाकारली तर आधी खात्याकडे अपील आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण, अशी वाट आहे. न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईलाही आहे.

उपचारातल्या हलगर्जीपणाची भरपाई ही दुसरी वाट. त्यात चूक सिद्ध करावी लागते, आणि त्या चुकीमुळेच पाय गेला हेही दाखवावे लागते. एका वाटेचा अर्ज दिला म्हणून दुसऱ्या वाटेची मुदत थांबत नाही. सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज दिलाय, त्याचे उत्तर आले की बघू, असे म्हणत बसू नये.

पैसे भरले नाहीत, मग ग्राहक कसे?

रुग्णालयाचे बिल ईसीएचएसने भरले, आपण रुपयाही दिला नाही, मग तक्रार चालेल का, असे बरेच जण विचारतात. चालते. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात आणली. त्याच निकालात सांगितले की उपचाराचा खर्च नोकरीच्या अटीप्रमाणे मालक करत असेल किंवा विमा कंपनी भरत असेल, तरी ती सेवा फुकट धरायची नाही. पुढे 2007 मध्ये एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या प्रकरणात रेल्वेच्या रुग्णालयालाही हाच नियम लागला.

जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात त्या सरकारी दवाखान्याविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो आणि त्याआधी सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. 1963 साली औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एका बाईच्या ऑपरेशनमध्ये पोटात टॉवेल राहिला आणि ती दगावली. राज्य सरकार जबाबदार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये ठरवले. न्याय मिळाला, पण 33 वर्षांनी.

चूक कशाला म्हणायची?

निकाल वाईट लागला म्हणजे डॉक्टर चुकला, असे कायदा मानत नाही. गँगरीन पसरत असेल तर जीव वाचवायला पाय काढणे हाच योग्य उपचार असू शकतो. बघायचे ते एवढेच, की त्या परिस्थितीत साधारण जाणकार डॉक्टरने जी काळजी घेतली असती ती इथे घेतली गेली का? पायाचा रक्तपुरवठा तपासला का? साखर रोज मोजली का? मोठ्या डॉक्टरला बोलावले का, आणि कधी? पाय काढण्याआधी धोका आणि दुसरा पर्याय समजावून सही घेतली का, की कोऱ्या फॉर्मवर अंगठा घेतला? तातडीचा प्रसंग सोडला तर संमतीशिवाय ऑपरेशन करता येत नाही, असा 2008 चा निकाल आहे.

याचे जुने उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. 1953 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. त्याला पुण्याला नेले. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवले गेले आणि त्याच दिवशी तो गेला. वडिलांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये तीन हजार रुपयांची भरपाई कायम केली. पेशंट घ्यायचा की नाही, कोणता उपचार करायचा आणि तो कसा करायचा, या तिन्ही गोष्टींत डॉक्टरने काळजी घेतलीच पाहिजे, हे तेव्हा ठरले. आजही हाच दाखला दिला जातो.

कागद नसेल तर?

हवाई दलातल्या एका माजी जवानाचे प्रकरण प्रत्येक फौजीने लक्षात ठेवावे. 2002 साली ऑपरेशन पराक्रमच्या वेळी तो आजारी पडला. सांबा येथील लष्करी रुग्णालयात त्याला एक पिशवी रक्त चढवले. 2014 मध्ये एचआयव्ही निघाला. मेडिकल बोर्डाने त्याचा संबंध त्या रक्ताशी जोडला, तरी राष्ट्रीय ग्राहक आयोगाने तक्रार फेटाळली. तो थांबला नाही. 26 सप्टेंबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर या दोघांना जबाबदार धरून सुमारे 1 कोटी 54 लाख रुपये द्यायला सांगितले. रक्ताची नीट तपासणी झाल्याचा पुरावा समोरून आला नाही आणि घडलेली गोष्टच पुरेशी बोलकी आहे, असे न्यायालयाने मानले.

इथे पाय गेला नव्हता, पण धडा तोच आहे. त्याच्याकडे दाखल झाल्याचा आणि रक्त दिल्याचा कागद होता, म्हणून बारा वर्षांनंतरही दुवा जुळला.

म्हणून सगळ्यात आधी कागद गोळा करा. पेशंटने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत उपचाराच्या नोंदी द्याव्यात, असा डॉक्टरांसाठी नियम आहे. दाखल पेशंटच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. नुसते डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. रोजचा केसपेपर, नर्सच्या नोंदी, साखरेचा तक्ता, संमतीपत्र, ऑपरेशन नोट, रेफरलची प्रत हे सगळे मागा. मोबाईलमध्ये जखमेचे तारखेसह फोटो असतील तर डिलीट करू नका. मग दुसऱ्या जाणकार डॉक्टरचे लेखी मत घ्या. प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचे मत लागतेच असे नाही, पण पाय वाचला असता की नाही, या वादात ते नसेल तर दावा लंगडा पडतो.

दोन वर्षे, विसरू नका

ग्राहक आयोगात तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, पण त्यावर भरवसा ठेवू नये. एका परिचारिकेच्या पोटात 1993 च्या ऑपरेशनमध्ये कापड राहिले. ते 2002 मध्ये निघाले, तक्रार 2004 मध्ये झाली. एवढी वर्षे दुखत असताना तपास का केला नाही, असे विचारून सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती मुदतबाह्य ठरवली.

तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, रुग्णालयाच्या शहरात जायची गरज नाही. उपचारासाठी दिलेली रक्कम पन्नास लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग चालतो आणि पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे पुष्कळांना माहीतच नाही. पोलीस केस मात्र शेवटी. गुन्हा ठरायला फार मोठा हलगर्जीपणा दाखवावा लागतो आणि भरपाई त्यातून मिळत नाही.

खटला चालेल तोवर माणसाला उभेही राहायचे असते. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून आहे, त्याची चौकशी पहिल्याच महिन्यात करावी. कृत्रिम पाय बसवला म्हणून दावा कमजोर होत नाही. उलट त्याचा खर्च दाव्यात मागता येतो, म्हणून ती पावतीही फाईलला लावा.

सातबारा आपण पेटीत तळाशी जपून ठेवतो. दवाखान्याची फाईलही तिथेच ठेवा.