स्वनिर्मित मोटारीसाठी भंगारातील इंधन टाकी : निवड, तपासणी व जोडणी

प्रस्तावना :

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पूर्वेस जालना मार्गावर वसलेल्या शेंद्रा औद्योगिक वसाहतीत २००१ साली स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. त्याआधी १९८५ पासून शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूज येथे बजाज कंपनीच्या वाहनांचे उत्पादन होत होते. या उद्योगांमुळे पत्राकाम, वेल्डिंग व सुट्या भागांची जाण असलेला मोठा कारागीरवर्ग या परिसरात घडला. दुसरीकडे २००७ साली सुरू झालेल्या ‘बाहा एसएई इंडिया’सारख्या स्पर्धांमुळे अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः वाहन बांधू लागले. स्पर्धेच्या वाहनाला आयोजकांची काटेकोर नियमावली असते. परंतु शैक्षणिक प्रकल्प म्हणून किंवा हौसेने बांधलेल्या वाहनाला असा कोणताही पहारेकरी नसतो. इंजिन, चाके व सुकाणू यांवर महिनोन्‌महिने विचार होतो आणि इंधन टाकी मात्र शेवटच्या आठवड्यात भंगाराच्या दुकानातून आणली जाते. प्रकल्प-अहवालावर मार्गदर्शक म्हणून स्वाक्षरी करणाऱ्या प्राध्यापकाने या भागाकडे विशेष लक्ष का द्यावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

देवराष्ट्रेचे उदाहरण :

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील एका कारागिराने आपल्या मुलासाठी जुन्या सुट्या भागांतून सुमारे ६० हजार रुपयांत जीपसारखे वाहन तयार केले. दुचाकीप्रमाणे पायाने किक मारून सुरू होणारे हे वाहन डिसेंबर २०२१ मध्ये देशभर गाजले. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्याचे कौतुक केले. त्याच वेळी हे वाहन नियमांत बसत नसल्याचेही नमूद केले आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याच्या बदल्यात बोलेरो दिली. कल्पकता आणि रस्त्यावरील सुरक्षितता या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत, हा या घटनेचा बोध होय.

टाकीची निवड :

जुनी टाकी घेताना आकारमानाचा हिशेब प्रथम करावा. ६० × ३५ × २० सेंटिमीटर मापाच्या टाकीत ४२ लिटर इंधन मावते. पेट्रोलची घनता लिटरला सुमारे ०.७४ किलो धरल्यास हे वजन ३१ किलो होते व वाहनाच्या संतुलनावर त्याचा परिणाम होतो. छोट्या वाहनाला एवढ्या साठ्याची गरज नसते. मारुती ८०० च्या टाकीची क्षमता २८ लिटर होती. कार्बोरेटरच्या इंजिनाला साधी टाकी चालते. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या इंजिनाला मात्र दाबाचा पंप, त्या दाबास योग्य नळ्या व बहुधा टाकीत बुडालेला पंप लागतो. म्हणून टाकी व इंजिन एकाच वाहनाचे असल्यास पुढील पुष्कळ अडचणी टळतात.

मुंबईतील कुर्ला किंवा दिल्लीतील मायापुरी येथील बाजारांत असा माल मिळतो. खरेदीची पावती अवश्य घ्यावी. २०२१ च्या नियमांन्वये स्थापन झालेली नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रे हा अधिक निर्धोक मार्ग आहे. तळाचा गंज, सांध्यांवरील ओलसर डाग, पूर्वीची डागडुजी आणि प्लॅस्टिकच्या टाकीवरील चिरा या चार गोष्टी दिसल्यास टाकी नाकारावी.

रिकामी टाकी अधिक घातक का?

द्रवरूप पेट्रोल जळत नाही. जळते ते त्याचे बाष्प. हवेत या बाष्पाचे प्रमाण सुमारे १.४ ते ७.६ टक्के असतानाच मिश्रण पेट घेते. भरलेल्या टाकीत बाष्प इतके दाट असते की आत ज्वलनास पुरेशी हवाच नसते. रिकामी करून उघडी ठेवलेली टाकी मात्र नेमकी या मर्यादेत येते. ४० लिटरच्या टाकीत दोन टक्के बाष्प म्हणजे ०.८ लिटर बाष्प; ते निर्माण होण्यास जेमतेम चमचाभर पेट्रोल पुरते. एवढे पेट्रोल पत्र्याच्या दुमडीत किंवा गंजाच्या थरात सहज दडून राहते, धुतल्यानंतरही शिल्लक उरू शकते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने बाहेर पडते. ‘वास येत नाही, म्हणजे टाकी स्वच्छ आहे’ हा समज याच कारणाने जीवघेणा ठरतो. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत जुन्या टाकीवर वेल्डिंग, झाळकाम वा ग्राइंडिंग करू देऊ नये. छिद्र असलेली टाकी बदलणे हाच योग्य उपाय होय.

स्वच्छता व तपासणी :

स्वच्छता उघड्या जागेत, ठिणगी व विजेच्या उपकरणांपासून दूर करावी. उरलेले इंधन झाकणबंद डब्यात काढून गरम पाणी व डिटर्जंटने टाकी अनेकदा खळबळून घ्यावी व पूर्ण वाळवावी. इंधनमिश्रित पाणी गटारात सोडू नये. गळती पाहण्यासाठी टाकी पाण्याने भरून चोवीस तास कोरड्या कागदावर ठेवणे ही साधी व भरवशाची रीत आहे. कॉम्प्रेसरची हवा सोडणे धोक्याचे. वरील मापाच्या टाकीचा तळ २१०० चौरस सेंटिमीटर असल्याने चौरस सेंटिमीटरला अवघा ०.१ किलो दाब दिला तरी तळावर २१० किलोचा भार येतो.

इंधनातील बदलही ध्यानात घ्यावा. भारतात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. पाणी वाढल्यास ते इथेनॉलसह तळाशी वेगळे होते व गंज चढतो. जुना चिकट थर सुटून गाळणी तुंबते आणि जुन्या रबरी नळ्या फुगतात वा तडकतात. टाकी जुनी चालेल. नळ्या, क्लिपा, वायसर व गाळणी मात्र नवीन आणि अशा इंधनास योग्य असावीत.

जोडणी :

टाकी प्रवासी कक्षाबाहेर, चेसिसच्या दोन पट्ट्यांमध्ये आणि शक्यतो मागील आसाच्या पुढे बसवावी. म्हणजे मागून धडक बसल्यास पहिला आघात तिच्यावर येत नाही. ती वाहनाचा सर्वांत खालचा भाग नसावी. सायलेन्सरच्या नळीपासून पुरेसे अंतर व मध्ये उष्णतारोधक पत्रा असावा. टाकीला भोके न पाडता रबर लावलेल्या दोन पोलादी पट्ट्यांनी ती आवळावी.

इंधन खर्च होताना टाकीत हवा आली नाही, तर आतील दाब घटून पुरवठा खुंटतो. यासाठी श्वासनलिका हवी. तिचे तोंड बाहेर व उंचावर काढून वाहन उलटल्यास बंद होणारी झडप त्यात बसवावी. स्थिर विजेची ठिणगी टाळण्यासाठी टाकी व भरण्याची धातूची मान चेसिसला तारेने जोडावी. इंधनमापकाचा काटा व टाकीतील तरंगता भाग एकमेकांशी जुळणारे नसतील, तर काटा खोटे बोलतो. म्हणून पाच-पाच लिटर मोजून ओतावे व खुणा करून घ्याव्यात.

कायदेशीर बाजू :

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ३९ नुसार नोंदणीविना वाहन सार्वजनिक जागी चालविता येत नाही आणि कलम ५२ मूळ रचनेत मनमानी फेरफार करण्यास मनाई करते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ अन्वये वाहनाच्या प्रथम नमुन्याची चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत संस्थेकडून व्हावी लागते. सबब विद्यार्थ्यांचे वाहन आवारातील बंदिस्त मार्गापुरतेच मर्यादित ठेवावे.

निष्कर्ष :

१. टाकीची निवड वाहनाच्या आराखड्याबरोबरच व्हावी.
२. जुन्या टाकीवर ज्योत वा ठिणगीचे कोणतेही काम करू नये.
३. जलचाचणीची लेखी नोंद प्रकल्प-अहवालात असावी व ती पाहिल्याशिवाय मार्गदर्शकाने इंधन भरण्यास अनुमती देऊ नये.

भंगारातून उपयोगी वस्तू घडविणे ही आपल्या कारागिरांची जुनी विद्या आहे. तिला तपासणीची शिस्त देणे हे अध्यापकाचे काम आहे. कारण चूक झाल्यास तिची किंमत वाहनाजवळ उभा असलेला विद्यार्थी मोजतो.